कॅमेऱ्याला पंधरा दिवस

माझा फोन उसात पडला, तिथून हे सगळं सुरू झालं.

ऐकायला खोटं वाटेल, पण अगदी तसंच झालं. जानेवारीतली गार सकाळ होती. वडगाव निंबाळकरहून बारामतीला निघालेली आमची एसटी नेहमीसारखी गच्च, आणि मी नशिबाने खिडकीशी. पुढे उसाची ट्रॉली चालली होती. एसटी तिला ओलांडायला लागली तेव्हा मला दिसलं — उसाच्या मोळ्यांवर एक बगळा बसून चालला होता! एकटाच, मान ताठ करून, वरातीतल्या नवरदेवासारखा. मला राहवेना. मी हात बाहेर काढला, फोन धरला, आणि नेमका तेव्हाच ड्रायव्हरने खड्डा चुकवला...

फोन गेला. रस्त्यावर नाही, थेट उसात!

माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. शेजारची बाई "आगं आगं आगं" करत होती. कंडक्टरने घंटी मारली, एसटी थांबली, आणि ट्रॉली आपली निवांत आम्हाला मागे टाकून कारखान्याच्या फाट्याला वळली. माझा फोन आणि तो बगळा, दोन्ही घेऊन.

"ओ मॅडम! नंबर सांगा!"

खिडकीखाली मोटारसायकलवर एक तरुण. चष्मा, दोन दिवसांची दाढी, पाठीला मोठी काळी बॅग.

"कसला नंबर?"

"तुमच्या फोनचा! रिंग वाजवत जातो, न्हायतर एवढ्या उसात कुठं हुडकू?"

मी ओरडून नंबर सांगितला. त्याला नीट ऐकू गेलं नाही म्हणून परत सांगितला. तिसऱ्यांदा मागच्या सीटवरच्या दोन म्हाताऱ्यांनीही माझ्याबरोबर म्हटला. अख्ख्या एसटीला माझा नंबर पाठ झाला, आणि मी लाजेने लाल.

मग आम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्याने ट्रॅक्टर अडवला, ट्रॉलीवर चढला आणि डॉक्टर पोट तपासतो तसा उसाला कान लावून ऐकू लागला. बगळा उडाला. आणि तो हात उंच करून उभा राहिला — हातात फोन! एसटीत टाळ्या पडल्या.

फोन हातात देताना मात्र तो हळूच म्हणाला, "जिवंत हाय. पण डोळा गेला त्याचा."

कॅमेऱ्याच्या काचेचा चक्काचूर झाला होता. माझे डोळे भरून आले. एवढ्याशा गोष्टीला कोणी रडतं का, असं कुणीही म्हटलं असतं. तो मात्र तसं म्हणाला नाही.

"काढलेले फोटो आत सुखरूप हायेत की," तो म्हणाला.

"ते आहेत हो. पण... उद्याचे?"

त्याने चष्म्यातून माझ्याकडे नीट पाहिलं. मी काहीतरी शहाणपणाचं बोलल्यासारखं. "बारामतीत माझं दुकान हाय, कॅमेऱ्यांचं," तो म्हणाला. "या एकदा."

माझं नाव स्वरूपा. बारामतीत एका लॅबमध्ये मी लोकांचं रक्त काढते. दिवसभर सुई बघून घाबरलेले चेहरे बघायचे, त्यामुळे उरलेल्या वेळात मला साध्यासुध्या गोष्टी बघायला आवडतात. माझे आजोबा, आबा, गोठ्यात आरसा टेकवून दाढी करतात ते. लॅबच्या पायरीवरचे चपलांचे जोड. कालव्यावर धुणं वाळत घालणाऱ्या बायका. कॅमेरा घ्यायचं माझ्या मनात वर्षभर होतंच. फोन उसात पडला आणि आता थांबायचं नाही असं ठरलं.

शनिवारी दुपारी गेले. पाटीवर 'राजू कॅमेरे, विक्री व भाडे'. आत जो येईल तो त्याला राजूभाऊ म्हणत होता. मीही मनात तेच नाव धरलं.

"मला रोजच्या फोटोंसाठी कॅमेरा हवाय," मी म्हटलं. "तुम्ही सांगाल तो घेते."

"मी सांगीन तो?" तो हसला. "म्हंजे माझ्याकडं खपत न्हाय त्यो गळ्यात घालू?"

त्याने काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले. एक इतका छोटा की माझ्या जेवणाच्या डब्यात मावला असता. दुसरा चांगला दांडगा, हाताला घट्ट पकड असलेला, पुढे लेन्सचं नळकांडं.

"दोन्ही मिररलेस. जुन्यात आत आरसा असायचा, ह्यांच्यात न्हाय."

"आरसा नाही? मग माणसाने तोंड कुठे बघायचं?"

"समोरच्याच्या डोळ्यात," तो बोलून गेला... त्याने घाईघाईने छोटा कॅमेरा उचलला. "ह्यो खिशात बसतो. कुणाचं लक्ष जात न्हाय. पण लेन्स हाय तीच, बदलायची सोय न्हाय. डोळा लावायला खिडकी न्हाय, उन्हात पडदा दिसत न्हाय. बॅटरी दुपारीच मान टाकती. मोठ्याला खिडकी हाय, लांबची लेन्स लागती, अंधारात ह्यो बाप हाय. आन् मेमरी कार्डं दोन. लग्नवाले ह्योच नेत्यात. एक कार्ड दगा देईल, पर लग्न काय परत लावता येतंय का? म्हणून एका खणात गिऱ्हाइकाचं कार्ड, दुसऱ्यात मी माझं घालूनच देतो, फोटो आपोआप दोन्हीकडं जातो..."

खरं सांगू? शेवटचं मी ऐकलंच नाही. तो बोलताना कॅमेरा लहान मुलासारखा तळहातावर झेलून धरत होता, आणि मी त्याचे हात बघत बसले होते. हे न ऐकणं मला किती महागात पडणार होतं, ते तेव्हा कुठे माहीत होतं!

"मग चांगला कोणता?" मी भानावर येऊन विचारलं.

"ते मी कसं सांगू? आठ दिवस ह्यो भाड्यानं न्या, आठ दिवस त्यो. सोबत राहून बघा. मग बोला."

भाड्याने न्यायचं म्हणजे आधार कार्डाची झेरॉक्स द्यावी लागते. मी दिली. त्याने नाव वाचलं, गाव वाचलं, आणि त्याला असा ठसका लागला की शेजारच्या दुकानातून पाणी आणावं लागलं.

"काय झालं?"

"काय न्हाय... फोटो लई वाईट आलाय तुमचा आधारवर," तो म्हणाला.

पहिला आठवडा छोट्याचा. काय सांगू, तो माझ्या लॅबच्या कोटाच्या खिशातच राहायला आला! एसटीत, कालव्यावर, चहाच्या टपरीवर, कुणाला पत्ता नाही. आबा, अर्धी दाढी साबणाने भरलेली अन् गायीशी बोलतायत, तो फोटो तर मला जन्मभर पुरेल. आबांनीही हौसेने एक बटण दाबलं. फोटो माझा काढला, पण त्यात मानेच्या वरचं काहीच आलं नाही.

"मुंडकं कुठं गेलं गं तुझं?" आबा पडद्याकडे बघत राहिले.

दुसरा आठवडा मोठ्याचा, आणि सगळं जगच बदललं. गळ्यात तो दिसला की कंडक्टर विचारी, "कुठल्या चॅनलच्या?" पेशंट केस नीट करत. आबा तर "थांब जरा" म्हणून आत गेले ते पांढरा सदरा आणि टोपी घालूनच बाहेर आले आणि पुतळ्यासारखे उभे राहिले. पण संध्याकाळच्या गोठ्यातला अंधार त्याने असा टिपला की गायीच्या डोळ्यात कंदील दिसला. मी पुरती गोंधळले. रोज दुकानात फेरी. रोज तोच वाद.

"छोट्यात लांबचं दिसत नाही."

"मोठ्यात जवळचं पळून जातंय, आबा सदरा घालायला आत गेले, तुमीच सांगितलं की."

"मग करू काय?"

"रोज येताय, ते बरं चाललंय की..." तो खाली बघून लेन्स पुसत म्हणे. मी उगाच आणखी एक शंका काढायची.

रविवारी तो भिगवणला काही गिऱ्हाइकांना रोहित पक्षी दाखवायला नेणार होता. "मोठ्याची खरी परीक्षा तितं," म्हणाला. एकटी कशी जाणार? मी आबांना सोबत घेतलं. गिऱ्हाइकं पुढच्या नावेत बसली. आम्ही तिघं आणि नावाडी मागच्या नावेत.

उजनीच्या पाण्यावर धुकं होतं. धुकं उठलं आणि शेकडो रोहित दिसले, पांढरे, लाल पंखांचे, पाण्यात उलटे दिसणारे. मी कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला. काही फोटो पक्ष्यांचे काढले. मग लेन्स जरा डावीकडे वळली... नावेच्या टोकाला तो बसला होता. वारा केसांत, चष्म्यावर तुषार, आबांच्या कुठल्याशा बोलण्यावर डोळे मिटून हसत. मी बटण दाबलं. परत परत दाबत राहिले. लांबच्या लेन्सचा फायदा हा की समोरच्याला वाटतं, आपण पक्षीच बघतोय. मी मनात म्हटलं, कार्ड मी विकत घेतलेलं, माझं आहे, घरी काढून ठेवीन, कुणाला कळतंय!

तेवढ्यात आबांनी विचारलं, "कुणाचं रं तू पोरा? गाव कंचं?"

पंधरा दिवसांत मला जे सुचलं नव्हतं, ते आबांनी एका दमात विचारलं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"भिगवणचाच, आबा. घरात राजू म्हणत्यात. कागदावर शंभूराज." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "दिवाळीनंतर मोहनराव माझा बायोडाटा घेऊन आले व्हते, तुमच्याकडं."

"आरं तिच्या!" आबा ताडकन उठले, नाव हलली. "म्हंजे तू त्यो कॅलेंडरवाला?"

"व्हय. त्योच."

मी कॅमेरा खाली घेतला. नावाड्यानेसुद्धा वल्हं थांबवलं.

आता सांगायलाच हवं. मोहनराव हे माझे मामा. आमच्याकडची निम्मी लग्नं त्यांनी जुळवली आहेत, आणि त्यांचा एकच अभिमान — निरोप जसाच्या तसा पोचवायचा, पदरचं काही घालायचं नाही. दिवाळीनंतर त्यांनी भिगवणचं एक स्थळ आणलं होतं. फोटोत पांढराफटक चेहरा, अंगावर चिकटवलेला कोट, मागे बर्फाचे डोंगर. मी बायोडाटा पुढे वाचलासुद्धा नाही. "हा नवरा मुलगा आहे का भिंतीवरचं कॅलेंडर?" म्हणून परत केला. मामांनी ते वाक्य... जसंच्या तसं पोचवलं होतं.

काठावर उतरल्यावर आबा चिलापी माशाच्या ताटावर बसले. आम्ही दोघं बाजूला, बाभळीखाली उभे.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?" मी विचारलं.

"आधार कार्ड बघितलं तवापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर परत आला असता व्हय?" तो म्हणाला. रागाने नाही, त्यानेच जास्त लागलं. "त्यो फोटो मी काढलेला न्हाय. मी लग्नाच्या सीझनला बाहेर, आईनं कॉलेजातला फोटो चुलत्याच्या स्टुडिओत दिला. त्यांनी कोट घातला, गोरा केला. आई लई रडली तुमच्या निरोपावर. माझं सोडा... पण एक इचारू?"

मी मान हलवली.

"कॅमेऱ्याला तुमी पंधरा दिवस दिले. उन्हात बघितला, अंधारात बघितला, गळ्यात घालून बघितला. आन् मला... एकच फोटो?"

मला उभ्या उभ्या मेल्यासारखं झालं. त्याच्या आईला रडवणारी मी, आणि त्याचे कार्डभर फोटो काढून बसलेलीही मीच.

सोमवारी कॅमेरा परत दिला. त्याआधी लॅबमध्ये बसून माझं कार्ड काढून पर्समध्ये घातलं, खण नीट बंद केला. दुकानात गर्दी होती. "मग, ठरलं?" त्याने विचारलं. "अजून नाही," मी म्हटलं. एवढंच बोलणं झालं. त्यानंतर त्या रस्त्याने जायचंच मी सोडलं.

आमच्याकडे एक रीत आहे. मुलीकडून नकार गेला की ते दार बंद. मुलीकडच्यांनी परत निरोप धाडायचा नाही. धाडला तर आधीचा नकार खोटा ठरतो, दोन्ही घरांचं हसं होतं. शिवाय मी नुसता नकार थोडाच दिला होता, चांगलं वाजवून दिला होता. मी ते कार्ड रोज फोनला जोडून बघायची. डोळे मिटून हसणारा तो. मला तो हवा होता. इतकं साधं होतं ते, आणि माझ्याच एका वाक्याने गेलं होतं.

शनिवारी मामांचा फोन आला. "उद्या येतो. इंदापूर तालुक्यातला एक कागद हाय."

रविवारी मामा आले. आईने पोहे केले. आबा खाटेवर बसलेले. मामांनी पिशवीतून पाकीट काढलं, आणि मी पोह्यांची बशी बाजूला ठेवली.

"मामा, पाकीट उघडू नका."

"का गं?"

"मला दुसरं स्थळ बघायचं नाही. मला... भिगवणच्या त्या कॅलेंडरवाल्याला हो म्हणायचं आहे. रीत गेली खड्ड्यात. त्यांच्या आईची मी माफी मागीन. तुम्ही सांगणार नसाल तर मी स्वतः जाते."

आईच्या हातातला झारा खाली पडला. आबांनी टोपी काढली आणि परत घातली. मामांनी पाकीट माझ्यापुढे धरलं.

"आगं..." ते म्हणाले, "आगं मग आधी उघड की ते पाकीट!"

मी उघडलं. आणि किंचाळलेच.

आत बायोडाटा होता. शंभूराज, भिगवण, तालुका इंदापूर. वर फोटो — नाव, धुकं, चष्म्यावर तुषार, डोळे मिटून हसणारा तो. माझा फोटो! मी काढलेला! पण कार्ड तर माझ्या पर्समध्ये होतं. मी धावत जाऊन पर्स पालथी केली. होतं. मग हा इथे आला कसा?

पाकिटातून एक चपटी डबी पडली. आत काळं कार्ड, सोबत चिठ्ठी.

'मोठ्याच्या दुसऱ्या खणातलं कार्ड. फोटो दोन्हीकडं जातात हे सांगितलं होतं, तुमचं लक्ष कुठं होतं कुणास ठाऊक. न विचारता बघितले, चुकलं. रोहित एकोणीस, मी त्रेचाळीस. आईला हा फोटो दाखवला. म्हणाली, हा माझा पोरगा, आधीचा कोण होता? आता परत एकदा विचारतोय. एकच फोटो आहे, पण तुम्हीच काढलेला.'

त्रेचाळीस! त्याने सगळे पाहिले होते! मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, आणि त्याच वेळी उड्या माराव्यात असंही. मी हसत होते की रडत होते, आईला कळेना. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

"मग काय सांगू त्येंला?" मामांनी फोन काढला. "नीट बोल. मी जसंच्या तसं सांगतो, ठावं हाय न्हवं?"

ठाऊक होतं. म्हणूनच मी एकेक शब्द तोलून बोलले.

"सांगा, छोटा कॅमेरा घ्यायचं ठरलं. मोठा घरात आहेच."

मामांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण फोन लावला. "हां, मोहनराव बोलतोय. पोरीचा निरोप हाय. छोटा कॅमेरा घ्यायचं ठरलं, मोठा घरात हायेच. आता ह्याचा अर्थ मला इचारू नका."

मी कान देऊन मामांच्या शेजारी उभी. मग मामांचे डोळे मोठे मोठे होत गेले, आणि त्यांनी फोनवर हात धरला.

"पोरगं हसतंय का रडतंय कळंना. इचारतोय, आमी दोघं बोहल्यावर असलो तर फोटो कोण काढायचं?"

कुणी काही बोलायच्या आत आबा खाटेवर सावरून बसले.

"म्या हाय की. त्या बारक्या कॅमेऱ्यानं काढतो," ते म्हणाले. "पर मुंडकी आली न्हाईत तर मला बोलायचं न्हाय, म्हणावं."

मामांनी तोही निरोप जसाच्या तसा दिला.